हिरड्यांसाठीचे वनौषधी जेल, तेलं आणि गुळण्या : लेबल वाचून आणि वापरून केलेलं परीक्षण

मी फार्मसीच्या मुलामुलींना वनस्पतिजन्य औषधं शिकवते आणि मला स्वतःला हिरड्यांचा आजार आहे. खालच्या शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूला ५ मिलिमीटर खोल पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेली खाच, होतं आणि पुढच्या दातांच्या फटीत बारीक ब्रश घातला की रक्त यायचं. त्यामुळे कडुनिंब, लवंग, त्रिफळा असं काही नाव घेऊन आलेलं हिरड्यांचं उत्पादन हाती आलं की मी आधी त्याचं लेबल वाचते आणि मग ते तोंडात घालते. इथे मी कंपन्यांपेक्षा घटकांबद्दल लिहिणार आहे. आत काय आहे, किती आहे आणि ते तोंडात किती वेळ टिकतं, यावरच सगळं अवलंबून असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. या वनस्पतींमध्ये जिवाणू मारायची खरीखुरी ताकद आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ही ताकद कामाला येते ती हिरडीच्या कडेवर, तेही दात आणि फटी नीट साफ झाल्यावर. हिरडीच्या आत, दाताला घट्ट चिकटलेल्या किटणाच्या आड ती पोचत नाही. जे उत्पादन ही मर्यादा मानून बनवलंय ते मला आवडतं. जे ‘स्केलिंगची गरज उरणार नाही’ असं छापतं (स्केलिंग म्हणजे डॉक्टरांनी किटण खरवडून काढणं), त्याला मी एकही गुण देत नाही.

आजाराबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर कुठल्याच बाटलीला न्याय देता येणार नाही. हिरडीच्या कडेला जो पांढुरका, चिकट थर साचतो, ती जिवाणूंची वसाहत असते. १९६५ साली हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. हा झाला पहिला टप्पा, जिंजिव्हायटिस. तो पूर्ण बरा होतो. दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं की त्याला पेरिओडॉन्टायटिस म्हणतात, आणि गेलेलं हाड आपसूक परत येत नाही. लेबलवर दोन्हींना मिळून नुसतं ‘हिरड्यांच्या तक्रारी’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक वनौषधींच्या चाचण्या पहिल्या टप्प्यातल्या लोकांवर झालेल्या असतात, आणि बाटली विकत घेणाऱ्यांत दुसऱ्या टप्प्यातलेही अनेक असतात. मला हे फार खटकतं.

आता एकेक बघू.

पहिला मान ओवा, निलगिरी आणि पुदिना यांच्या कुळातल्या माउथवॉशला. या प्रकारातलं सगळ्यात जुनं नाव लिस्टरीन, १८७९ सालचं, शस्त्रक्रियेत जंतुनाशकं आणणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून ठेवलेलं. त्याच्या मूळ सूत्रात चार घटक आहेत: थायमॉल ०.०६४ टक्के, युकॅलिप्टॉल ०.०९२ टक्के, मेंथॉल ०.०४२ टक्के आणि मिथाइल सॅलिसिलेट ०.०६० टक्के. थायमॉल म्हणजे ओवा चुरगाळल्यावर नाकात जाणारा तो झणका, युकॅलिप्टॉल निलगिरीतलं, मेंथॉल पुदिन्यातलं आणि मिथाइल सॅलिसिलेट विंटरग्रीनच्या पानांतलं. कारखान्यात यातले काही रेणू पानांऐवजी रसायनांपासून बनवतात, पण रेणू तोच असतो आणि कामही तेच करतो. हे रेणू तेलकट असल्यामुळे जिवाणूच्या स्निग्ध आवरणात शिरतात आणि आवरणाला गळती लागते. चौघांची बेरीज पाव टक्क्याच्या जरा वर जाते, तरी परिणाम दिसतो, कारण प्रमाण नेमकं ठरवलेलं आहे आणि ते माणसांवर महिनोन्महिने तपासलं गेलंय. वनस्पतीचा आधार असलेल्या हिरड्यांच्या उत्पादनांत इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुणाकडे मला दिसलेला नाही.

वापरताना मात्र पहिले तीस सेकंद जड जातात. तोंड पेटतं, डोळ्यांत पाणी येतं. नुकतंच स्केलिंग झालं असेल तर हिरडीच्या कडा चांगल्याच चुणचुणतात. ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत म्हणून मूळ सूत्रात अल्कोहोल घातलेलं असतं, २० टक्क्यांहूनही जास्त. ज्यांचं तोंड औषधांमुळे कोरडं पडतं, ज्यांना तोंडात व्रण येतात, किंवा ज्यांना अल्कोहोल नकोच आहे, त्यांनी बिनअल्कोहोलची आवृत्ती घ्यावी. तीत तेल विरघळवायला दुसरे घटक वापरतात. मी हल्ली तीच वापरते. झणका कमी आहे आणि पूर्ण वेळ तोंडात धरता येते, आणि तीस सेकंद पुरी धरणं हाच यातला कळीचा भाग आहे. नुसती चूळ भरून थुंकली तर काही उपयोग नाही.

फरक पडला का? पुढच्या दातांत पडला. मी अधूनमधून थर दाखवणारी गुलाबी गोळी चावून आरशात बघते. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिथे लाळेच्या ग्रंथी उघडतात आणि किटण सगळ्यात आधी जमतं, तिथली गुलाबी पट्टी आधी रुंद आणि सलग दिसायची. आता ती तुटक, फटींपुरती उरली आहे. रक्तही कमी झालं. शेवटच्या दाढेला मात्र ढिम्म फरक पडला नाही. पॉकेटमध्ये माउथवॉश जातच नाही, कडेवरूनच परत फिरतं. ही त्या बाटलीची खोट नाही, पण तसं ठसठशीत लिहायला हवं. पाचपैकी चार.

त्रिफळ्याबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, म्हणून जरा लांबवर लिहिते. हिरडा, बेहडा, आवळा, तिन्ही फळं टॅनिनने भरलेली. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं. जिभेवर तुरटपणा येतो तो याचमुळे, कारण लाळेतली प्रथिनं साकळतात. जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या आणि त्याने सोडलेल्या विकरांच्या (एन्झाइम्सच्या) प्रथिनांवरही तेच घडतं, त्यामुळे जिवाणूंना दाताला चिकटायला त्रास होतो. त्रिफळ्याच्या गुळण्यांची ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनशी, म्हणजे डॉक्टर देतात त्या जंतुनाशक गुळणीशी, तुलना करणाऱ्या बऱ्याच छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि थर कमी करण्यात तो क्लोरहेक्सिडिनच्या जवळपास पोचल्याचं त्यांतल्या अनेकांत दिसतं. चाचण्या काही आठवड्यांच्या, माणसं थोडी, हे खरं. तरीही रोज वापरायच्या, दातांवर तपकिरी डाग न पाडणाऱ्या गुळणीसाठी ही चांगली सुरुवात आहे.

मी दोन्ही वापरलं: चूर्णाचा ताजा काढा आणि तयार बाटली. काढा करायचा तर चूर्ण पाण्यात उकळून, निवून, दुहेरी कापडातून गाळायचा. एकदा गाळून भागत नाही. बारीक तंतू उरतात आणि ते नेमके फटीत जाऊन बसतात. रंग गढूळ पिवळसर, चव इतकी तुरट की गाल आतून ओढल्यासारखे होतात, आणि नंतर साधं पाणी प्यायलं तर ते गोड लागतं. हा काढा साठवून ठेवू नका. त्यात टिकवणारं काही नसतं. झाडपाल्याच्या पाण्यात बुरशी आणि जिवाणू मजेत वाढतात, आणि जंतू मारायला घेतलेल्या गुळणीतून नवे जंतू तोंडात घालण्यात काय अर्थ आहे? रोजच्या रोज करा, उरलेला ओतून द्या.

तयार बाटलीचं प्रकरण वेगळं. एका बाटलीवर वनस्पतींची भलीमोठी यादी होती: त्रिफळा, खदिर, बाभूळ, ज्येष्ठमध, पीलू आणि आणखी कितीतरी. पण एकाही नावापुढे आकडा नव्हता. अर्क पाण्यातला की अल्कोहोलमधला, किती वनस्पतीपासून किती अर्क निघाला, त्यात टॅनिन किती, यातलं काहीही नाही. चवीला ती गोड आणि पुदिन्याची होती, तुरटपणाचा मागमूस नव्हता. गोडी आणि सुगंधाने चव काही प्रमाणात झाकता येते हे मान्य, पण टॅनिन पुरेसं असेल तर गालांना कळल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या एका बाटलीवर अर्काचं प्रमाण आणि टॅनिनची टक्केवारी दोन्ही छापलेली होती, आणि ती तोंडात घेताच तुरट लागली. मी विद्यार्थ्यांना वर्गात दाखवायला या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवते. दुसरीला साडेतीन, पहिलीला एक.

त्रिफळ्याबद्दल एक सावधगिरी. टॅनिनने हिरडीचा पृष्ठभाग आक्रसतो आणि रक्त लवकर थांबतं. आजार कमी झाल्यामुळे रक्त थांबलं तर उत्तमच. पण नुसत्या आक्रसण्यामुळे थांबलं तर आत पॉकेट तसंच राहतं आणि आपल्याला कळवणारी खूण तेवढी नाहीशी होते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांमधून असंच रक्त कमी येतं आणि हाड मात्र झिजत राहतं. म्हणून रक्त थांबलं तरी डॉक्टरांकडून प्रोबने, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या बारीक सळईने, पॉकेटची खोली मोजून घ्यायची. १ ते ३ मिलिमीटर निरोगी, ४ किंवा त्याहून जास्त असेल तर लक्ष घालायला हवं.

कडुनिंबाच्या जेलबद्दल माझ्या मनात बराच वाद झाला, आणि त्याचं कारण प्रयोगशाळेत आहे. जाहिरातीत दाखवतात तसं प्लेटवर जिवाणू पसरवून मधे अर्काची चकती ठेवली की भोवती जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ दिसतं. कडुनिंबाचंही दिसतं. पण प्लेटवर वर्तुळ उमटतं ते अर्क ओल्या अगारमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, किती पसरतो त्यावर. तेलकट रेणू कमी पसरतात, म्हणून छोटं वर्तुळ म्हणजे कमी ताकद असं सरळ म्हणता येत नाही. दुसरं, प्लेटवर अर्क आणि जिवाणू तासन्‌तास एकमेकांशेजारी असतात. तोंडात लाळ वाहत असते, काही मिनिटांत सगळं पातळ होऊन गिळलं जातं. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: थरात राहणारे जिवाणू सुट्या जिवाणूंपेक्षा कित्येक पट चिवट असतात. हिरड्यांच्या आजारातला कुप्रसिद्ध पोर्फायरोमोनस जिंजिव्हॅलिस वाढवायचा तर ऑक्सिजन वर्ज्य करावा लागतो. रक्त घातलेल्या अगारवर, बंद डब्यात, कित्येक दिवस ठेवल्यावर काळपट ठिपके उमटतात. इतक्या खटपटी जिवाणूवर न तपासता दुसऱ्याच सोप्या जिवाणूवर तपासलेलं असेल, तर त्या वर्तुळाचा हिरड्यांशी संबंध फार लांबचा.

कडुनिंबाचा कुठला भाग वापरलाय हेही लेबलवर हवं. बियांच्या तेलात अझाडिरेक्टिन आणि निंबिडिन, सालीत टॅनिन, पानांत क्वेर्सेटिनसारखी फ्लेव्होनॉइड्स. तिन्हींचं काम सारखं असणार नाही. मी वापरलेलं जेल पानांच्या अर्काचं होतं. पोत छान, घट्टसर, बोटाने हिरडीच्या कडेवर लावलं की चिकटून राहतं. चव कडू, पण सहन होण्यासारखी. रात्री सगळं साफ करून झाल्यावर लावलं आणि नंतर काही खाल्लं-प्यायलं नाही, की सकाळी हिरड्या कमी हुळहुळ्या वाटायच्या. हे चांगलं आहे, मी ते नाकारत नाही. पण मला जे सुधारायला हवं होतं ते पॉकेट, आणि तिथे हे जेल दोन कारणांनी हरतं. बोटाने ते आत जात नाही. आणि डॉक्टरांनी सुईने आत सोडलं तरी पॉकेटमधून सतत एक पातळ द्रव बाहेर पाझरत असतो. ५ मिलिमीटरच्या पॉकेटमध्ये तो तासाला सुमारे ४० वेळा बदलतो असा अंदाज आहे. साधं जेल तिथे टिकणार किती वेळ? म्हणूनच पॉकेटमध्ये ठेवायची औषधं हळूहळू विरघळणाऱ्या जिलेटिनच्या चिपसारख्या आधारात बसवावी लागतात. कडुनिंबाच्या अर्कासाठी असा आधार कुणी नीट बनवला तर मी सगळ्यांत आधी वाचायला बसेन. तोवर तीन गुण.

हळदीच्या जेलकडून अपेक्षा ठेवावी ती सूज कमी होण्याची, जिवाणू मारण्याची त्यामानाने कमी. कुर्कुमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि साध्या हळदीत ते फार तर २ ते ५ टक्के असतं, त्यामुळे हिरडीवर नुसती हळद चोळून फार काही मिळत नाही. प्रमाणित कुर्कुमिन असलेलं जेल स्केलिंगनंतर वापरलं तेव्हा मला आराम वाटला. ब्रशचे केस मात्र कायमचे पिवळे होतात.

टी ट्री तेलाचं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्युका झाडाचं, २.५ टक्क्यांचं जेल अभ्यासलं गेलंय. त्यात हिरड्यांची सूज आणि रक्त कमी झालं, पण थर कमी झाला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण घासण्याला पर्याय नाही हे त्यातून स्पष्ट दिसतं. हे तेल पोटात गेलं तर विषारी आहे, म्हणून लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

लवंग तेल हिरड्यांसाठी घेऊ नका. त्यात युजेनॉल ७० ते ९० टक्के असतं आणि ते प्लेटवर जिवाणूंची दाणादाण उडवतं, हे खरंच. दंतवैद्यकात झिंक ऑक्साइडबरोबर ते फार पूर्वीपासून वापरतात. पण निव्वळ तेल हिरडीवर ठेवलं तर कातडी भाजते, पांढरा डाग पडतो, आणि बधिरपणामुळे भाजतंय हेसुद्धा लगेच कळत नाही. दाढ ठणकत असताना डॉक्टरांकडे पोचेपर्यंत कापसाच्या टोकाने कीडलेल्या जागी जरासं लावणं वेगळं आणि सुजलेल्या हिरड्यांवर रोज चोळणं वेगळं.

पीलूच्या काडीतलं बेन्झिल आयसोथायोसायनेट ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंवर चांगलं चालतं, आणि हिरड्यांच्या आजारातले बरेचसे खलनायक त्याच गटातले आहेत. काडीचं टोक चावून मऊ केलं तर पुढचे दात सुरेख निघतात. दाढांची आतली बाजू मात्र काडीच्या आवाक्यात येत नाही. दंतमंजनाच्या पावडरी मी बाजूला ठेवल्या. हिरडी खाली सरकून माझी मुळं उघडी पडली आहेत आणि मूळ इनॅमलपेक्षा मऊ असतं. टूथपेस्ट किती घासते हे मोजण्याची पद्धत आहे आणि त्याची कमाल मर्यादा २५० ठरवलेली आहे, पण पावडरीच्या डब्यावर हा आकडा मला कुठेच सापडला नाही. चिमूट दोन बोटांत चोळून बघा. रवाळ लागली तर उघड्या मुळांवर नको.

‘वनस्पती आहे, म्हणजे निर्धोक’ असं म्हणणाऱ्यांना मी ब्लडरूटची गोष्ट सांगते. उत्तर अमेरिकेतल्या या झाडाच्या कंदात सँग्विनारिन असतं. जिवाणूंवर ते जोरदार चालतं, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते टूथपेस्ट आणि माउथवॉशमध्ये घातलं गेलं. पुढे ते वापरणाऱ्यांच्या तोंडात, वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला, पांढरे चट्टे आढळायला लागले. अशा चट्ट्यांकडे कर्करोगाच्या दृष्टीने लक्ष ठेवावं लागतं. शेवटी तो घटक त्या उत्पादनांतून काढला गेला. वनस्पतीही औषधच, आणि औषधाइतक्याच कसून तिची तपासणी व्हायला हवी. माझ्या विषयावर माझं प्रेम आहे म्हणूनच हे म्हणते.

क्लोरहेक्सिडिनशी तुलना टाळता येणार नाही. ते दात आणि हिरडीच्या पृष्ठभागाला चिकटून बसतं आणि बारा तासांपर्यंत हळूहळू सुटत राहतं. वनौषधींत असं टिकणारं मला अजून काही मिळालेलं नाही. पण त्याने दात तपकिरी होतात, चव बिघडते, किटण वाढतं, म्हणून ते डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. शिवाय टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकाने ते निष्प्रभ होतं, त्यामुळे दोन्हींमध्ये अर्ध्या तासाचं अंतर हवं. ते थांबवल्यावर रोजच्या निगेसाठी तेलांचं माउथवॉश किंवा त्रिफळा ही जागा छान भरून काढतात.

माझ्या दाढेचं पॉकेट शेवटी कमी झालं ते हिरडी बधिर करून मुळापर्यंत केलेल्या खोल सफाईनंतर. डॉक्टरांनी काढलेलं किटण कागदावर ठेवून दाखवलं: काळपट, खडबडीत, दाताच्या वळणासारखंच वळलेलं. इतक्या टणक कवचातून कुठला अर्क आरपार जाणार? पुढच्या तपासणीत तिथला आकडा ३ आला. फटींचा ब्रश आणि तीस सेकंदांची गुळणी मी तेव्हापासून चालू ठेवली आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर युजेनॉलवाल्या उत्पादनांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर मिथाइल सॅलिसिलेटवाल्या माउथवॉशबद्दलही विचारा. बारा वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नका, कारण ती गिळतात. कडुनिंबाचं तेल तान्ह्या मुलांच्या पोटात अजिबात जाता कामा नये, त्याने मेंदूला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. मधुमेह असेल तर हिरड्यांचा आजार आणि साखर एकमेकांना बिघडवतात, तेव्हा तपासणी लांबवू नका. आणि दात हलत असेल, हिरडी दाबल्यावर पू येत असेल किंवा दातांत अचानक फट पडली असेल, तर यातली कुठलीच बाटली उघडत बसू नका, आधी वेळ घेऊन डॉक्टरांकडे जा.